मेलेल्या मायची शपथ

माय, आज सकाळी बाबानं पुन्हा तुझा फोटो भिंतीवरून उतरवला. दुपट्ट्याच्या टोकानं काच पुसली आणि माझ्यापुढं धरला. "ठेव हात. म्हण, आजपासून दारू बंद." मी हात ठेवला, म्हणालो. हात थरथरत होता, त्यानं चौकटीतली काच खुळखुळ वाजायला लागली, तेव्हा बाबानं फोटो जरा घट्ट धरला, जणू थरथर त्याच्याच हाताची होती. ही कितवी वेळ ते मी विसरलो, तोही विसरला असेल. इंझोरीच्या मामासमोर घेतली, मंगरूळच्या दर्ग्यात चादर चढवताना घेतली, गणपतीच्या मांडवात चारचौघांत घेतली. दरवेळी तुझीच. बाबाला वाटतं, पोराचा मायवर जीव होता म्हणून तो तिचीच घेतो. खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. शपथ मोडली की ज्याची घेतली तो माणूस मरतो म्हणतात. तू तर मेलेलीच आहेस. तुझं आता काय वाकडं होणार?

तुला आठवत असेल, मी लहान होतो, चौथीत वगैरे. मोटारीचं बटन चालू ठेवून खेळायला पळालो आणि सांबाराचा नवा वाफा पेरलेल्या धन्यासकट वाहून गेला. तू अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसली आहेस. केळीची सोपटं बादलीत भिजत घातलेली, एकेक ओढायची, दोन वेढे, गाठ, की जुडी बाजूला. मी आलो आणि कोणी विचारायच्या आधीच तुझ्या डोक्यावर हात ठेवला, "तुही शपथ मा, म्या नाही केलं." तू ओल्या हातानं माझा हात खाली काढलास आणि त्याच ओल्या हाताची एक ठेवून दिलीस. "खोटं बोलाचं तं निस्तं बोल. मानसाले कायले मधात घालतं?" मग मी रडतच होतो, तसंच मला शेजारी बसवलंस आणि गाठ कशी मारायची ते शिकवलंस. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तुला कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी. तू गेलीस तेव्हा सगळे म्हणत होते, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. मला मात्र वाटायचं, मला माहीत आहे कशानं झालं ते. हे कोणाला विचारायची सोय नव्हती, म्हणून ते तसंच आत राहिलं.

कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. वर्गात एक मुलगी होती, माझा तिच्यावर जीव; एक पोरगा तिच्याबद्दल काहीतरी बोलला म्हणून कानावर आलं, मी त्याचं डोकं सायकल स्टँडच्या पाइपवर आपटलं. सर म्हणाले, वडिलांना आण, माफी लिहून दे. मी म्हणालो, कॉलेजच ठेवा तुमच्यापाशी. मला वाटलं होतं ती हे ऐकून विरघळेल. ती म्हणाली, "मले विचारलं होतं का तू?" तेव्हापासून मी बाबाबरोबर भाजीत आहे. सकाळी मंगरूळला हर्रासात भाजीची बोली, त्यानंतर दिवसभर डोक्यात तीच. आधी संध्याकाळी प्यायचो, मग दुपारी, मग जुड्या बांधायला बसायच्या आधी. कारण घेतली नाही तर बोटं ऐकत नाहीत. एकदा न घेताच बांधल्या होत्या. अडत्यानं जुडी उचलली तर ती त्याच्या हातातच सुटली. "काबे, मेथी विकाले आणली का लग्नात उधळाले?" लोक हसले. मी त्याची कॉलर धरली, बाबानं मधे पडून सोडवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ग्लासभर घेऊन बसलो आणि गाठी अशा बसल्या की तू पाहिल्या असत्यास तर खूश झाली असतीस. तू शिकवलेलं काम तुझ्यासारखं करायला मला दारू लागते, माय. यातून कुठून बाहेर पडायचं असतं ते मला कळत नाही.

सोडून नाही पाहिली असं नाही. मागच्या हिवाळ्यात खरंच सोडली. दुसऱ्या दिवशी दुपारी थंडीत घाम फुटला आणि जुड्यांवर मुंग्या चढायला लागल्या. मी झटकत होतो, बाबा बघत होता. मुंग्या नव्हत्याच. अंग इतकं उडायला लागलं की मला खाटेवर धरून ठेवावं लागलं. मग बाबा मोटरसायकल काढून गेला. ज्या माणसानं आयुष्यात चहासुद्धा कधी दुसरा मागितला नाही, तो सदऱ्याखाली पव्वा लपवून घेऊन आला. स्टीलच्या ग्लासात ओतून माझ्या तोंडाला लावला, लहानपणी औषध पाजावं तसा. "पे बापू. पे." मी पीत होतो आणि तो भिंतीकडं बघत होता. तुझ्याकडं नाही, दुसऱ्या भिंतीकडं.

नंतर वाशिमच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, रोज इतकी पिणाऱ्यानं एकदम बंद करायची नसते, जिवावर बेतू शकतं. भरती व्हा, नाहीतर आमच्या देखरेखीत हळूहळू कमी करा. बाबा बाहेर येऊन म्हणाला, "थोडी थोडी सोडाले ते काय चोरी हाये? आज दोन घरं, उद्या एक?" भरतीचं त्याला लोकांमुळं नको वाटतं. त्याचा भरवसा शपथेवर.

डॉक्टरचं ऐकणारी एकटी तीच. ती आता तहसीलसमोर झेरॉक्सच्या दुकानात बसते. काल हर्रास आटोपून गेलो, तर मान वर न करता म्हणाली, "रविवारी मालेगावचे पाहुणे येऊन राह्यले मले पाहाले."

"मंग?"

"मंग काय, पोहे करीन." मग तिनं मशीन बंद केलं. "काल किती घेतली?"

"एक पव्वा."

"खरं?"

मी काउंटरवरचे कागद सारखे करायला लागलो. ती म्हणाली, "मी सोड म्हणत नाही. भरती हो, नाहीतं कमी कर, डॉक्टरनं सांगतलं तसं. पन रोज किती घेतली ते मले खरं सांगत जाय. तेवढं असलं तं मी घरी तुह्यासाठी तोंड उघडीन. ठेव माह्या डोक्यावर हात."

माझा हात उचलला गेला, माय. तिच्या केसांपर्यंत गेला. आणि मला तुझे पिवळे डोळे दिसले. मी हात मागं घेतला, म्हणालो, "मायची घेतो ना."

"मायची तं तू बसच्या कंडक्टरसमोरबी घेतं," ती म्हणाली. "तिले आता काही होत नाही म्हणून घेतं. माही घेत नाही, म्हंजे तुले माहीत हाये तू मोडशील." तेवढ्यात एक म्हातारा आधार कार्ड घेऊन आला आणि ती त्याच्या प्रती काढायला लागली. मी तिथं कोणासारखा उभा होतो कोण जाणे.

आता दुपार आहे. बाबा खालच्या वाफ्यात निंदतो आहे. त्याच्या हिशोबानं सकाळपासून बंद आहे. उद्याची मेथी उपटून ठेवली आहे, सोपटं भिजत आहेत. परवा रविवार. बाबाला सांगावं की त्याच्या म्हणण्यानं एकदम सोडली तर मी मरेन, तर तो फोटो पुन्हा उतरवेल. तिला खरा आकडा सांगावा तर तो ऐकून तीच पोहे करायला उठेल. तुला मात्र आता काही होत नाही असं मी समजत होतो. पण आज काचेवर हात ठेवला तेव्हा लक्षात आलं की तुझा आवाज मला आठवत नाही. कसा होता, जाड का बारीक? शब्द आठवतात, आवाज गेला. किती वेळा मोडल्यावर गेला?

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. सोपटाच्या बादलीत टाकीन, संध्याकाळपर्यंत विरघळेल. लिहायला बसण्याआधी अर्धा ग्लास घेतला, नाहीतर अक्षर लागलं नसतं. अर्धा लिहिलं मी. अर्ध्याच्या वर होता, चांगला दोन बोटं. शपथ घेत नाही माय, निस्तं सांगतो.