गाठ अख्खी काढली

प्रिय ताईस,

नमस्कार. माझ्या गळ्याची गाठ कॅन्सरची नाही. एवढं माझ्या छोटीला सांग आणि मग पुढचं वाच.

सुई घालून केलेल्या तपासणीत काहीच ठरत नव्हतं. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका विटेवरून घर कळत नाही. अख्खी गाठ काढून बघू." म्हणून आजार सापडला, गळ्यातली एखादी ग्रंथी उगीच वाढत जाते तो. फार क्वचित होतो म्हणे. गाठ एकाच जागी होती, त्यामुळे ती काढली हाच उपचार झाला. आता अधूनमधून तपासण्या तेवढ्या.

बाईंनी मला खोलीत बोलावून कॉम्प्युटरवर गाठीचा काप दाखवला. आडव्या चिरलेल्या कांद्यासारखी वर्तुळं होती. "कांदा असला तरी रडायचं नाही हं," त्या म्हणाल्या.

छोटीची आई गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ते तिथे आलं. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी बाईंनी दार लोटून घेतलं आणि शेजारी बसून राहिल्या. एवढी हुशार बाई, पण घाई म्हणून नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? छोटीने आईचा विषय काढला तर आता टाळू नकोस. मी आलो की मीही तिच्याशी बोलेन.

तुझा,
धाकटा