रुक्माची तयारी कोणासाठी?

प्रिय शेषरावदादा,

भिलाईहून चंपतचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? माझ्या बरगडीची चौकशी तुम्ही करणार नाही, कारण तिचं तुम्हाला अजून ठाऊक नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची रुक्मा, दर मंगळवारी महिला मंडळाच्या मीटिंगला जाऊ लागली. मीटिंगहून माणूस कंटाळून येतो. ही घामाघूम होऊन, वर हसत यायची. (स्टील प्लांटमधून निवृत्त झाल्यापासून मी घरीच असतो आणि तिच्या फोडणीवर देखरेख करतो. हसू यावं असं घरात काही नाही.) मला शंका आली. परवा तिच्या मागोमाग गेलो, तर सेक्टरच्या हॉलात पांढऱ्या कपड्यांत रुक्मा हवेत लाथा झाडत होती. कराटे! या वयात ही कोणाला मारायची तयारी करते आहे? घरात मारण्याजोगा मी एकटाच आहे.

दाराआडून बघताना शिकवणाऱ्या करिष्मा मॅडमनी मला पकडलं. "अंकल, झाँको मत, लाइन में आ जाओ." पोरगी लहान, पण आवाज फोरमनचा. मी मुकाट रांगेत गेलो. त्यांनी मुद्दामच (हा माझा पक्का संशय) मला रुक्मासमोर उभं केलं. आधी एकमेकांना वाकून नमस्कार करायचा असतो. रुक्मा माझ्यासमोर एवढी वाकली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. तिचा पाय उठला. दादा, उभा जन्म मी क्रेनला इशारे देण्यात घालवला. दोन्ही हात वर केले की टांगलेलं लोखंडही जागच्या जागी थांबतं. सवयीने मी दोन्ही हात वर केले. रुक्मा थांबली नाही. बरगडी उघडी पडली होती, लाथ तिथेच बसली आणि मी खाली कोसळलो.

"हात वर कावून केले जी? मार खायले?" असं मलाच रागावून ती शेजारी बसली आणि माझी बरगडी चोळू लागली. मला बरं वाटलं, पण संशय गेला नाही.

आपला,
चंपत

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. ती कोणावर रागावली आहे ते तिला विचारून कळवा. माझं नाव घेऊ नका. फोडणीचा विषयही काढू नका.

आणखी ता. क. काहीच विचारू नका. आत्ताच ती सांगून गेली की पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेला जोडीदार लागतो, आणि तिने मॅडमना माझं नाव दिलं. म्हणाली, "तुमी घरी बसून बसून सुकून राहिले. सोबत चाला." दादा, ऐकून डोळे भरून आले. हे पत्र फाडून टाका, तिच्या हाती लागलं तर ती दुसरा जोडीदार शोधेल. फक्त एवढं कळवा, लहानपणी ती तुम्हाला डाव्या पायाने मारायची की उजव्या?