गरीब न दिसण्याचा दिवस

प्रिय भूषणदादा,

तुला लिहायचं म्हणून बसतो आणि काहीतरी निमित्त काढून उठतो, असं कितीतरी दिवस चाललंय. परवा पत्राचं पाकीट आणायला पूर्णेला गेलो, तर स्टेशनबाहेर निजामाबादचा हार्वेस्टरवाला भेटला. गेल्या साली त्याच्यासोबत मी भाताच्या कापणीला गेलो होतो. त्याच्याशी गप्पा मारता मारता गावची बस निघून गेली आणि पाकीट टपरीवरच राहिलं. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतोस आणि माझं म्हणणं तसंच राहतं. आज मात्र सगळं लिहिणार. सोमवारी परभणीला आपल्या वसतिगृहाची सुनावणी आहे. तिथं ते राहिलं तर राहिलं, नाहीतर कायमचं कुलूप. आणि त्यात तुझंच नाव सारखं निघायलंय.

माय फोन का उचलत नाही म्हणून तू विचारतोस. फोन बिघडलेला नाही. तू पाठवलेला नवाही चांगला चालतो, मी त्याच्यावर गाणी ऐकतो. ते सांगतोच, पण आधी बाकीचं.

अनुदान थांबलं तशी मुलं घरी पाठवली. मायचा स्वयंपाकिणीचा पगारही बंद. तरी ती स्वयंपाकघराशेजारच्या त्याच खोलीत राहते, जिथं आपण दोघं वाढलो. सकाळी उठून मोठी पातेली काढते, घासते, पालथी घालते. त्यात शिजवायला काही नसतं. मी म्हणालो, "माय, स्वच्छच हायेत की." तर म्हणे, "तुझं तोंडबी स्वच्छच असतंय, तरी धुतोस का न्हाई?"

हे सगळं जयंतीच्या दिवसापासून सुरू झालं. आपली रीत तुला माहीतच आहे. जयंतीला आपल्यात कोणी गरीब दिसत नाही. वर्षभर फाटकं घालणारा माणूससुद्धा त्या दिवशी पांढराशुभ्र शर्ट घालून येतो, उसना का असेना. यंदा तुम्ही जुन्या पोरांनी सगळ्या मुलांना निळे कोट आणि टाय आणले. ऊसतोड्या मुंजाजीचं पोरगं तर टाय न काढताच झोपलं. फाटकापासून पिंपळापर्यंत तुमच्या गाड्या लागल्या होत्या. आणि प्रमुख पाहुणा कोण, तर ज्या साहेबाच्या सहीवर अनुदान येतं तोच. बोलावलं कोणी? आपणच, हौसेनं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी आला असता तर त्याला गळके पत्रे दिसले असते, पोरांचे अनवाणी पाय दिसले असते. त्या दिवशी त्याला कोट दिसले. त्यावर तू माईक घेतलास आणि म्हणालास, "आता आमच्यात हात पसरणारा एकही माणूस उरला नाही!" टाळ्या लय वाजल्या. मीपण वाजवल्या. साहेबानं मटण खाल्लं, हार घेतला, आणि जाऊन वर कळवलं की इथले लोक सुस्थितीत आहेत, ते स्वतःच तसं सांगतात.

तू खोटं बोलला नाहीस, दादा. तुझ्यापुरतं ते खरंच होतं. पण तुझ्या वेळी मेसचं धान्य उशिरा आलं तरी सगळी वस्ती परभणीला मोर्चा घेऊन जायची, कारण घराघरातलं लेकरू इथं जेवायचं. आता वस्तीतलं एकही लेकरू इथं नाही. तुझी लेक धम्मशीला पुण्याच्या इंग्लिश शाळेत, बन्सीधर सर इथले गृहपाल, तर त्यांचा मुलगा नांदेडला क्लासला. इथं राहिली होती ती ऊसतोड्यांची आणि वीटभट्टीवाल्यांची पोरं, आणि त्यांचे आईबाप दसरा झाला की कर्नाटकात. सुनावणीला येणार कोण? माणिकराव इथंच जेवून पोस्टात लागले, म्हणून त्यांच्याकडं गेलो. चांगला चहा पाजला. म्हणाले, "पप्पू, सरकारच्या ताटात जेवायचे दिवस गेले रे आपले. आता पुढं बघा." मुंजाजीचं पोरगं पुढंच गेलंय, बापासोबत उसाच्या फडात.

मला शाळा काही जमली नाही, पाय एका जागी ठरत नाहीत, म्हणून असेल, पण माझं डोकं इथंच अडकतं. ह्या जागेनं माणसं उभी केली. उभी राहिली ती चालायला लागली, आणि इतकी लांब गेली की मागं हाक मारली तर ऐकू जात नाही. मग काम वाईट केलं असतं तर ही जागा टिकली असती का? बन्सीधर सरांना विचारलं, तर ते चष्मा पुसत बसले.

आता मायचं. मी तिला म्हणालो, दादाकडं पुण्याला चल, इथं काय राहिलंय? तर म्हणाली, "त्याच्याकडं हात पसरणारं कोणी उरलं न्हाई म्हणं. मी तर अजून पसरायलेय. मी कशी जाऊ?" आणि सोमवारी ती सरांसोबत परभणीला जाणार आहे. साहेबासमोर उभी राहून सांगणार आहे, "माझा लेक खोटं बोलला." फोन त्यामुळंच उचलत नाही. तुझा आवाज ऐकला तर ते तोंडातून निघायचं नाही, असं म्हणते. मी हे लिहितोय ते ह्याच्यासाठी. वसतिगृह वाचेल का, मला काही तसं दिसत नाही. पण तिच्या तोंडून ते निघायच्या आधी तू ये आणि तुझं बोलणं तूच परत घे. पत्र आजच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे देतो, उद्या तुझ्या हातात पडेल.

सरांकडून आणलेलं पाकीट बंद करतच होतो, तेवढ्यात फाटक वाजलं. चारठाण्याकडची एक म्हातारी आलीय, सोबत तिचा नातू. इथं ठेवून घेतात असं तिला कोणीतरी सांगितलंय. बंद झाल्याचं मी सांगणार होतो, पण मायनं माझ्याकडं असं पाहिलं की मी म्हातारीला बसायला पोतं टाकलं. तिनं पोराला विचारलं, भाकरी किती खातोस. आता पीठ आणायला मला दुकानात पिटाळायलीय.

तुझाच,
पप्पू