निळीचा रांजण आणि सौम्य आम्ल

२४ एप्रिल
ह्यांना जाऊन चार दिवस झाले. जमिनीत पुरलेला निळीचा रांजण त्यांनीच जाण्याच्या आठवडाभर आधी लावला. राखेचं पाणी गळ्यापर्यंत. रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशी, म्हणजे सात जूनला, अस्थी थडग्यात ठेवायच्या. कलश गुंडाळायचं कापड ह्याच रांजणात रंगवणार. मोरिवाकी भावजी, ह्यांच्या बरोबरीचे रंगारी, म्हणाले, वहिनी, रोज चाखून बघावं लागतं, येत जाऊ का? म्हटलं, तीस वर्षं त्यांच्या निळ्या हातांना जेवायला वाढलंय. नको.

२९ एप्रिल
फेस जांभळट, टपोरा. जिभेला चुरचुरलं. पीएचची पट्टी साडेदहा, ह्यांना हवी असायची तेवढीच. अवघड काहीच नाही.

५ मे
फेस बसका. रांजणाला भूक लागली असणार. वाटीभर गव्हाचा कोंडा घातला, वर थोडी साके, तांदळाची दारू. ह्यांच्या फोटोपुढे ठेवते त्याच बाटलीतली.

९ मे
पट्टी दहा. भावजी दारातूनच म्हणाले, कोंडा खाऊन जिवाणू आम्ल सोडतात, चुना घाला. नाहीतर मी घालतो. म्हटलं, पुस्तकात बघते.

१० मे, दुपार
वाचनालयातून रसायनाचं पुस्तक आणलं. रांजणातलं आम्ल म्हणजे दह्यातलंच. सौम्य जातीचं. पाण्यात शंभर कण असले तर जेमतेम तीन-चार फुटतात आणि हायड्रोजनचा आयन सोडतात. बाकीचे आख्खेच, गप्प. तीन-चारांना कोण भितं! चुना नको. भावजींनी पुस्तक उघडलेलं नाही, त्यांचा तरी काय दोष.

१६ मे
पट्टी साडेनऊ. पट्ट्या जुन्या असतील म्हणून नव्या आणल्या. त्याही साडेनऊच. दुकानदारानं जुना माल दिला. फेस नाही. आणखी कोंडा, आणखी साके.

२१ मे
चाखलं. चुरचुर नाही. जिभेला सवय झाली. कुजका वास येतो. गटार तुंबलं असणार म्हणून माणूस बोलावला. तो म्हणाला, काकू, गटार लख्ख आहे, वास तुमच्या घरातून येतोय. उद्धट.

२७ मे
सप्पोरोहून लेकीचा, मिसाओचा फोन. तिचे दिवस भरत आलेत, सात तारखेला येता येणार नाही. रडली. मग विचारलं, बाबांचा रांजण कसा आहे? म्हटलं, विश्रांती घेतोय.

२ जून
पुस्तकाचं पुढचं पान आज वाचलं.
तीन-चार फुटतात ते साध्या पाण्यात. राखेच्या पाण्यात अल्काचे, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, आयन टपलेले असतात. सुटलेला हायड्रोजन ते उचलतात, दोघांचं मिळून पाणी होतं, की लगेच पुढचा कण फुटतो. मग त्याच्या पुढचा. शंभरच्या शंभर. आणि दर वेळी एक अल्क कमी. महिनाभर माझ्या पायाखाली हेच चाललं होतं.
पट्टी आठ. चुन्याची अख्खी पिशवी ओतली. आता होईल ठीक.

६ जून
कापड सहा वेळा बुडवलं. वर काढल्यावर हवेत निळं व्हायला हवं. मातकट झालं. धुतलं तर तेही गेलं.
भावजींना बोलावलं. त्यांनी वाकून वास घेतला आणि टोपी काढली. म्हणाले, रांजण मरून तीन आठवडे झाले असतील वहिनी. मला कोपऱ्यावरूनच कळलं होतं. मी ओरडले, मग बोलला का नाहीत? म्हणाले, दुखवट्याच्या घरात शिरून हाही गेला म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?

७ जून
कलश पांढऱ्या कापडात नेला. दुपारी भावजींनी रांजण उपसून रिकामा केला.
संध्याकाळी मिसाओचा फोन. कापड कसं रंगलं, आई?
म्हटलं, जरा फिकं.
म्हणाली, असू दे. बाळाच्या दुपट्यापुरता रंग राखून ठेव हं.
बरं, म्हटलं.