खांब ते खांब

दि. ४ फेब्रुवारी

चि. फौजदारास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी ठीक आहे हे आधी लिहून टाकतो, म्हणजे बाकीचं पत्र तू शांतपणे वाचशील. सायकल रोज चालू आहे. उजाडलं की घर खायला उठतं. चहा अर्धा टाकून निघतो. आधी कोबीची शेतं, मग मका, मग कालव्याकडेचा कच्चा रस्ता. नोकरीत हाच रस्ता रोज तुडवला, पण तेव्हा मान वर, तारांकडे. लाइनमनला पिकं कुठली दिसायला! आता दिसतात. काल मळ्यातून एका बाईने ओरडून विचारलं, लाइट कधी येणार. मी रिटायर झालोय म्हटलं, तर म्हणाली, मग खांबाला मिठी मारून कशाला उभे आहात? मी हसलो आणि पुढे निघालो.

घरी आलो की पुन्हा चुळबुळ. दुपारी दुसरी फेरी. तुझी आई असती तर म्हणाली असती, यांच्या पायाला भिंगरी आहे.

तुमच्या कवळ्यांचा कारखाना कसा चाललाय? लोकांना दात देतेस, तर बापाला दोन ओळी जास्त लिहायला काय हरकत आहे?

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझे,
बाबा


दि. ११ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन वाजून वाजून थकतो, तुम्ही उचलत नाही, म्हणून पुन्हा पत्रच. शेजारच्या शिलाईवाल्या काकू इथे अस्तर घ्यायला आल्या होत्या, मला भेटून गेल्या. तुम्ही म्हणे त्यांच्या दारात दूध आणायलासुद्धा सायकलवर जाता. अहो बाबा, दोन घरांच्या मध्ये फक्त कुंपण आहे! आणि स्वयंपाकघरात टायरचे डाग कसले? आळसाची कमाल झाली. फिरायचंच तर पायी फिरा, चालण्यासारखा व्यायाम नाही.

इथे मी साच्यात प्लास्टर ओतते आणि डोळ्यांसमोर तुम्ही कालव्यात पडलेले दिसता. परवा एक कवळी अशीच बिघडली, वरचा जबडा खालच्यावर बसेना. साहेबांनी विचारलं, लक्ष कुठे आहे? आता त्यांना काय सांगू?

थोडे दिवस सायकल ठेवून द्या. मोठ्यांनी लोभ करावा आणि कधीतरी धाकट्यांचं ऐकावं, एवढीच विनंती.

तुमची,
फौजदार


दि. १८ फेब्रुवारी

चि. फौजदारास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काकूंच्या जिभेला हाड नाही. पाऊस आला म्हणून सायकल आत घेतली होती, त्याचे ते डाग. पुसले. फोन वाजतो तेव्हा मी बाहेर असतो. पायी काय, कधीही फिरता येईल.

काल सूर्यफुलांच्या उतारावर पेडल सोडून दिलं. वारा शर्टात शिरला आणि मी पोरासारखा ओरडलो. शेतातले सगळे बगळे उडाले. ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवून शर्यत लावली, मी हरलो, पण फार नाही. असं वाटलं की गेल्या वर्षभरात मला काही झालेलंच नाही. परतताना मात्र घराचं दार दिसलं की मन खट्टू होतं. काल दारावरून दोनदा तसाच पुढे गेलो. शेवटी भूक लागली म्हणून आलो.

राग आला तरी लोभ ठेव.

तुझे,
बाबा


दि. १ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आज चेष्टा नाही. तुमच्या त्या एका वाक्यावर मी अडकले. गेल्या वर्षभरात काय झालं होतं? डॉक्टरांना फोन केला, पिच्छाच पुरवला, तेव्हा कळलं. कंपवात. तुम्हाला महिनोन् महिने माहीत आहे आणि मला एका अक्षराने सांगितलं नाहीत. हात कापतो, तोल जातो, आणि तुम्ही कालव्याच्या कडेने सायकल पिटाळताय! आधी रडले, मग राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

काकूंना सांगून सायकलला साखळी घालायला लावली आहे. किल्ली त्यांच्याकडेच राहील. तुम्ही खुशाल रुसा, जिवंत बाप रुसलेला परवडतो. मी रजा मिळाली की येते.

लोभ नसला तरी चालेल, जेवण वेळेवर करा.

तुमची,
मुलगी


दि. ६ मार्च

चि. मुलीस,
आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, लावून वाच. साखळी मजबूत आहे.

खरं लिहितो. मला चालता येत नाही. खोलीच्या मध्ये कसंबसं जमतं, पण दाराशी आलो की पाय जमिनीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय ढिम्म. फोन वाजतो, मी उंबऱ्याशी उभा राहून ऐकतो. तूच असणार हे माहीत असतं. मग तो थांबतो.

पण पायरीवरून सायकलवर टांग टाकली की पाय आपले आपण फिरतात. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, काहींचं असं होतं. उतरणं तेवढं अवघड, म्हणून खांब लागतो. तो धरून पाय टेकवायचा आणि त्याच्याच आधाराने पुन्हा निघायचं. दूध तसंच, स्वयंपाकघरही तसंच. लपवलं, कारण कळलं असतं तर तू मला तुझ्याकडे नेलं असतंस, आणि तिसऱ्या मजल्यावर हे पाय कायमचे थांबले असते. मला त्याची भीती वाटते. सायकलवर बसलो की हा आजार माझ्याबरोबर येत नाही गं.

तू साखळी घातल्यापासून खुर्चीत आहे. जीव नुसता फडफडतो.

तुझे,
बाबा


दि. २० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही. पहिल्या संध्याकाळी तुम्ही दारात अडकलात, मी हात पुढे केला, तुम्ही माझ्याकडे बघून ओशाळं हसलात आणि तरी पाऊल उचलेना. ते काही केल्या मनातून जात नाही. आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी कुलूप काढलं, तर तुम्ही सुसाट! मी मक्याच्या वळणापर्यंत पळाले, पण तुम्ही कुठले हाती लागताय. बांधावर बसून मी रडत होते आणि हसतही होते. काकूंना वाटलं, मला उन्हाचा त्रास झाला.

तर आता ठरल्याप्रमाणे. सायकल तुमची, मी तिला हात लावणार नाही. पण पडलात, खरचटलं, घाबरलात, काहीही झालं तरी मला खरं कळवायचं. लपवलंत तर बाडबिस्तरा घेऊन येईन आणि रोज माझ्या हातचं जेवायला लागेल.

लोभ वाढावा, लपवाछपवी संपावी.

तुमची,
फौजदार


दि. २ एप्रिल

चि. फौजदारास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

ठरल्याप्रमाणे कळवतो. मंगळवारी पडलो. कालव्यापाशी खांब लांब लांब आहेत. मध्येच वासरू आडवं आलं, ब्रेक दाबला आणि धरायला काही नव्हतं. कांद्याच्या वाफ्यात आडवा झालो. कोपर सोललं, चष्म्याची काडी मोडली. उठता येईना. ऊन चढेपर्यंत तसाच पडून होतो, आणि फार भीती वाटली, तेही लिहितो. शेवटी मागे नाही का लिहिलं होतं, ती लाइट विचारणारी बाई, ती आणि तिचा नवरा धावत आले. घरी उचलून नेतो म्हणत होते. मी म्हटलं, सायकलवर बसवा आणि ढकला. घरी माझा मी आलो.

हे लिहू नये असं फार वाटलं. तेव्हापासून सायकल पायरीला टेकवून ठेवली आहे, बसलेलो नाही. तुझ्या पत्राची वाट बघतो, आणि ते येऊच नये असंही वाटतं. तू म्हणशील तसं करीन.

लोभ कमी करू नकोस.

तुझे,
बाबा


दि. ७ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कोपर डॉक्टरांना दाखवा, चष्म्याचं काकूंना सांगितलं आहे. मळ्यातल्या बाईंना माझा नमस्कार सांगा, आणि निघण्याची वेळ त्यांना सांगून ठेवत जा, म्हणजे नजर राहील.

सायकल बंद करा असं चार पानी पत्र लिहिलं होतं. काल ते फाडलं. दिवसभर काम सोडून सारखी खिडकीशी जाऊन उभी राहत होते. मला भीती वाटते बाबा, आणि ती आता जायची नाही. पण ती माझी आहे, मी बघून घेईन. तिच्यापायी तुम्ही घरात बसू नका.

कालव्याच्या पलीकडे काय आहे, ते तुम्ही अजून लिहिलेलं नाही. लोभ आहेच. जाऊन या.

तुमची,
फौजदार