ऐंशीपैकी त्रेसष्ट

प्रिय मंजुषा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. म्हटलं, पत्रच टाकू. ते तरी तुझी आई तुझ्या हातात देईल. आधी बातमी ऐक: तुझी ही मैत्रीण लाइन लीडर झाली! भोसरीच्या खोलीवर पेढे घेऊन गेले, तर घरमालकीण कस्तुराबाई म्हणतात, व्हय गं, आता आमाला बी ऑर्डर सोडशील का? हसून हसून पोट दुखलं.

झालं असं. चाकणच्या कंपनीत आपल्या लाइनवर पार्ट तपासत मला सहा वर्षं झाली. जागा एक आणि इच्छुक आम्ही सातजण. या वेळी साहेबांनी जयमाला मॅडम म्हणून एक मानसशास्त्रवाल्या बाई बोलावल्या. त्यांनी वीस प्रश्नांचा कागद दिला. राग किती पटकन येतो, डोळ्यांत पाणी किती लवकर येतं, आलेलं किती वेळ टिकतं. प्रत्येकाला शून्य ते चार आकडा द्यायचा. माणूस किती भडकतो आणि किती हळवा होतो, त्याचं चक्क माप! आम्हा सातातलाच नवनाथ शेजारून पुटपुटला, ताई, डोळे मिटून शून्य टाका. त्याचं तरी काय चुकलं? समोरच्या भिंतीवर झिरो रिजेक्शन, झिरो अपघात, झिरो तक्रार. आपल्याकडे शून्य म्हणजे पैकीच्या पैकी. बाकीच्या सहाही जणांनी वरपासून खालपर्यंत शून्यं ओढली.

मीही पाच टाकली, खोटं कशाला सांगू. सहावा प्रश्न होता, चारचौघांत झालेला अपमान किती दिवस मनातून जात नाही? तिथं पेन अडलं. पार्ट मापायच्या गेजला न लावता रीडिंग भरणाऱ्यांना मी लाइनवर फाडून खाते, आणि स्वतःचं रीडिंग असं ठोकून द्यायचं? लाज वाटली गं. पाचही शून्यं खोडली आणि खरं खरं लिहिलं. बेरीज झाली ऐंशीपैकी त्रेसष्ट! म्हटलं, गेली जागा. जेवणाच्या सुट्टीत डबासुद्धा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सातही जणांना बोलावलं. मॅडम म्हणाल्या, यात पास-नापास नव्हतंच. कुणाला कशाचा किती त्रास होतो हे कळलं, तर सावरायला शिकवता येतं. पण ज्यांना कशाचंच काही वाटत नाही, त्यांना मी काय शिकवू? साहेबांनी सहा कागद बाजूला सारले आणि म्हणाले, जी बाई स्वतःचं रिजेक्शन लपवत नाही, ती पार्टचं काय लपवणार! अगं, पहिली टाळी नवनाथनेच वाजवली. आणि आपले सुपरवायझर बबनराव, ज्यांच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नाही, ते स्वतः पुढे येऊन अभिनंदन म्हणाले. मी तिथंच सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. कुणी हसलं नाही.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीत तुझ्या हातून एका पेटीवर चुकीचं लेबल लागलं आणि तुला रडू आलं, तेव्हा बबनराव तुला भर लाइनवर रडूबाई म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले, मंजे. तू वळून बघितलंस ते नेमकं माझ्याकडे. दुसऱ्या दिवसापासून तू आलीच नाहीस. अपमान तुझा झाला, पण आठ महिने माझ्या मनातून जात नाही. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. माझ्या लाइनवर एक जागा रिकामी आहे. माणूस मी सुचवायचा होता; मी एकच नाव दिलं, आणि काल त्यावर साहेबांची सही झाली. बबनरावांना तोंडावर सांगितलंय, माझ्या लाइनवर तो शब्द पुन्हा चालणार नाही. मान खाली घालून हो म्हणाले! पंधरा तारखेला ये. निगडीला उतर, मी घ्यायला येते. तुला रडू आलं तर खुशाल रड; या वेळी मी तुझ्या बाजूने उभी असेन.

तुझीच,
स्वप्नाली