फळ्यावरचा शेवटचा नंबर

फुंजून,
रविवार, ९ ऑक्टोबर १९८८

माझा पळून गेलेला गडी अंपा साम्बू यास,

त्याचा मालक लातिर सार याजकडून. तू बरा आहेस ना? बहीण बरी? तिचं भाताचं खाचर बरं? उसुईचे डास बरे? इथे आम्ही सगळे सुखरूप. घरधनीण दिबोर ठीक आहे, शेळी व्याली, बाजरी यंदा चांगली आहे. तू गेल्यापासून गावातला तांदळाचा खप निम्म्यावर आलाय. दुकानदार तुझी आठवण काढून डोळे पुसतो, एवढं खरं.

तर मुद्दा असा की, मुद्दा काहीच नाही. सहज लिहितोय. फेरीबोटीवर अठ्ठावीस वर्षं तिकिटं फाडली, आता हाताला काम नाही म्हणून कागद काळे करतोय.

एक सांगायचं राहिलं. पंचांनी मला दंड केला, एक कोंबडा. म्हणाले, "सेरेर माणूस जोला माणसावर चिडला, असं कधी कुणी ऐकलंय का? या दोन जमातींचं पिढ्यानपिढ्यांचं नातंच एकमेकांना गडी म्हणून चिडवायचं! अरे, जोलाने तुला गाढव म्हटलं तर तू ओरडून दाखवायचं असतं!" मी म्हटलं, मला ऊन लागलं होतं. म्हणाले, निंबाखाली ऊन कुठून आलं? घेतला ना बाबा कोंबडा! तुझ्या नावाने कापला आणि तुझा वाटाही त्यांनीच खाल्ला. शाळेतली कार्टी आता मला बघितलं की आरवतात. तीस वर्षं तू त्यांना धावायला आणि उड्या मारायला शिकवलंस, थोडी अक्कलही शिकवायची होतीस.

आता त्या दिवसाचं. माझी चूक नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो. कोरियातलं ऑलिंपिक रेडिओवर चालू होतं, आपल्या देशाच्या पोराने अडथळ्यांच्या शर्यतीत चांदीचं पदक मारलं होतं, सगळा गाव हवेत होता. त्यात तुला काय अवदसा आठवली आणि शाळेतला फळा आणून तू निंबाला टांगलास. म्हणे जगातला आजवरचा सर्वांत थोर खेळाडू कोण, याचा एकदाचा निकाल लावू. कुस्ती, फुटबॉल, धावणं, मुष्टियुद्ध, सगळं एकाच फळ्यावर! हे म्हणजे मासा, भोपळा आणि पाऊस एकाच तराजूत घालण्यासारखं झालं. तरी मी चहा पीत राहिलो.

पण रकाने कसले आखलेस रे लबाडा? किती वर्षं अव्वल, किती जणांना हरवलं, हे ठीक. शेवटचा रकाना: 'पायात बूट होते का?' नसले तर दोन गुण जादा! आम्हाला काय कळत नाही? तुझा तो अबेबे बिकिला रोमच्या ऑलिंपिकात मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकला म्हणून तो रकाना. मी म्हटलं, मग माझा सितोर मामाही कुस्ती अनवाणीच लढायचा, त्यालाही दोन दे. नऊ हंगाम त्याची पाठ वाळूला लागली नाही. तर तू म्हणालास, "तुझ्या गावात माणसं सतरा, त्यातली अकरा म्हातारी. नऊ हंगाम तो बोकडांशी लढला काय?"

यावर मी हसलो. आठवतंय ना? मी हसलो होतो.

बिराम शिंपी पेलेवर अडून बसला होता. त्याचं काय मनावर घ्यायचं! त्या कॅनडावाल्या धावपटूच्या नंबराचा सदरा त्याने शिवून घातला, आणि तिसऱ्या दिवशी औषध घेऊन धावला म्हणून त्याचं पदकच काढून घेतलं. आता तो सदरा उलटा करून घालतो. पण त्याने पेलेचे तीन विश्वचषक मांडले तेव्हा तू काय म्हणालास? "फुटबॉलात अकरा जण. विश्वचषकाला अकराने भाग." बिचाऱ्याने बोटं मोजून भागाकार करायला घेतला. चहाची दुसरी फेरी उकळून आटली तरी त्याचा हिशेब चालूच. मोहम्मद अलीचं नाव मीच घेतलं, तर म्हणालास, समोरच्याला धक्के मारून पैसे मिळवायचे तर आमच्या बसस्टँडवरचे हमाल काय वाईट?

मग तू फळ्याच्या तळाला माझं नाव लिहिलंस. 'लातिर सार. खेळ: बसणे.' आणि पुढे जे बोललास ते बोललास. मी उठलो, फळ्याला लाथ मारली, फळा दुभंगला, चहाची शेगडी पालथी झाली. मी तुला नको ते बोललो. थट्टेत नाही, खरंच बोललो. तू खडू खिशात घातलास आणि दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन निघून गेलास.

तर हे असं. ऊन होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं. आता चहात साखर नसते, दिबोरने बंद केली, का ते विचारू नकोस, बायकांचं काहीतरी खूळ असतं. बाकड्यावर तुझी जागा रिकामी आहे. बिराम तिथे कापडाचे तुकडे ठेवतो.

तीन नोव्हेंबरच्या आत आलास तर बरं होईल. सहजच. तीन तारीख म्हणजे अशीच एक तारीख.

तुझा मालक,
लातिर


फुंजून,
शनिवार, २२ ऑक्टोबर १९८८

अंपा,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी. 'आदरणीय श्रीमान लातिर सार यांस सविनय प्रणाम. आपले पत्र पावले. आपल्या प्रकृतीस आराम पडो. आपण दिलेल्या निमंत्रणाबद्दल आभारी आहे. आपला नम्र.'

नम्र? तू? अरे निर्लज्ज माणसा! मी दारात उभ्या उभ्या वाचलं आणि खालीच बसलो. दिबोर धावत आली, म्हणाली, "कोण गेलं?" मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "आता संपलंच. साम्बूंनी तुम्हाला 'आदरणीय' म्हटलं."

एवढी मोठी शिक्षा पंचांनीही दिली नव्हती रे! एकतीस वर्षांत तू मला एकदाही नावाने नीट हाक मारली नाहीस. माझ्या मुलाच्या लग्नात भर मांडवात उठून ओरडलास, "या नवऱ्याचा बाप माझ्याकडे गुरं राखतो, त्याला जास्त मटण वाढू नका!" माझे व्याही तर हसून हसून लोळले. माझ्या आईच्या मयतीला तू कबरीच्या खड्ड्यात उतरून बसलास, कोंबडा मिळाल्याशिवाय बाहेर येणार नाही म्हणालास, आणि मी रडता रडता हसलो. त्या दिवशी तू नसतास तर मी वेडा झालो असतो. आणि आता 'आपला नम्र'?

बरं. मग ऐक. मालकाला हे लिहायला जड जातंय.

ज्या दिवशी भांडण झालं त्या सकाळी मी सगळ्यांना सांगितलं तसा बाजरी विकायला काओलाकच्या बाजारात गेलो नव्हतो. तिथल्या इस्पितळात गेलो होतो. उजव्या अंगठ्याला जखम होती, तीन महिने झाले भरत नव्हती, मी मोज्यात लपवली होती. दिबोरला वाटलं मी म्हातारपणी शौकीन झालोय, एवढ्या उकाड्यात मोजे घालतो. डॉक्टरने मोजा काढला, वास घेतला, रक्त तपासलं. म्हणाला, साखर आहे, पुष्कळ वर्षांची आहे, पाय काळा पडत चाललाय, गुडघ्याखाली कापावा लागेल.

मी त्याला म्हटलं, येतो हं, आणि बस पकडून परत आलो. थेट निंबाखाली. घरीसुद्धा गेलो नाही. वाटलं, चहा प्यावा, तुझ्या शिव्या खाव्यात, मग बघू. आणि तू फळ्यावर माझं नाव लिहून सगळ्यांकडे वळलास आणि म्हणालास, "या माणसाला देवाने पाय उगाच दिले. काढून घेतले तरी याला आठ दिवस पत्ता लागायचा नाही!"

सगळे हसले. चांगली थट्टा होती, अंपा. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी ती महिनाभर सांगत फिरलो असतो.

फळ्याला लाथ मारली ती त्याच पायाने. फळा लाकडाचा, दोन बोटं जाड, मधोमध दुभंगला. आणि मला काहीच लागलं नाही. घरी जाऊन बघितलं तर मोजा रक्ताने भिजला होता. तेव्हा मला कळलं की डॉक्टर खरं बोलतोय आणि तूही खरं बोललास.

आता घरात सगळ्यांना माहीत आहे. मोठा मुलगा डाकारहून आलाय, माझ्याशी मशिदीत बोलावं तसं हळू बोलतो. दिबोर वाद घालत नाही. दिबोर! बिराम येतो, माझ्या पायाकडे न बघता म्हणतो, तुमचा सितोर मामाच सर्वांत थोर होता, पेले काही नाही. सांग, मी अजून जिवंत आहे की मला पुरून झालंय? सगळे इतके गोड बोलतात की अंगावर काटा येतो. मला कुणी गाढव म्हणत नाही.

डॉक्टरने तीन तारीख दिलीय, गुरुवार. पुढे ढकललं तर गुडघाही जाईल, आणि त्याच्याही पुढे काय, असं विचारल्यावर त्याने चष्मा पुसला. मी तीनदा नाही म्हटलंय. मुलाला म्हटलं, दिबोरला म्हटलं, डॉक्टरला तोंडावर म्हटलं. आता हो कसं म्हणू? सार आहे मी. आणि खरं सांगू, मला भीती वाटते. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती. तिशीत आखाड्यात उतरायचो तेव्हा पाय वाळूत घट्ट रोवायचो, आणि मग कुणीही समोर येवो. आता काय रोवू?

म्हणून तुला लिहितोय. आपल्या जुन्या गोष्टीतल्या त्या दोन बहिणींची होडी दुभंगली, एक आमची आजी झाली, एक तुमची, तेव्हापासून जोलाने काही सांगितलं तर सेरेरला मोडता येत नाही. मुलगा सांगेल तर मी बाप आहे. बायको सांगेल तर मी नवरा आहे. डॉक्टर तर कालचा पोरगा. तू सांगितलंस तर विषय संपला, मला नाही म्हणताच येणार नाही. मग तो माझा निर्णय नाही. तुझा हुकूम.

इस्पितळाचा कागद सोबत पाठवतोय. त्यावर नातेवाइकाची सही लागते. कारकुनाने विचारलं, सही कोण करणार? मी तुझं नाव सांगितलं. म्हणाला, हे कोण तुमचे? मी म्हटलं, हा मला शिव्या देतो. तो सेरेरच होता, त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं.

मी तुला त्या दिवशी जे बोललो ते मागे घेतो. सगळं. दुसरा कोंबडाही देतो.

लातिर


उसुई,
बुधवार, २६ ऑक्टोबर १९८८

बाजरीच्या पोत्या, भित्र्या, मोजेवाल्या,

तुझं पत्र बहिणीसमोर वाचायला घेतलं आणि अर्ध्यात उठून खाचरात गेलो, म्हटलं तिला दिसू नये. ती मागून आली आणि म्हणाली, "बांधावर उभं राहून रडू नकोस, भात खारट होईल." आमच्याकडे माणसाला असं सांभाळतात, मूर्खा. तुमच्याकडे हळू आवाजात बोलतात.

तीन महिने जखम मोज्यात! दिबोरला नाही, मला तरी दाखवायचीस. मी तीस वर्षं पोरांचे मुरगळलेले घोटे बघितलेत. पण नाही, मालक ना तू! ती थट्टा माझ्या तोंडून निघाली त्या दिवसापासून मी तीच घोळवत होतो, आणि मला कळत नव्हतं की माझ्या गाढवाला नेमकं काय लागलं. म्हणून पाच ओळींचं पत्र लिहिलं. ते मी चार वेळा लिहिलं. सभ्य लिहायला फार वेळ लागतो.

आता एक गोष्ट ऐक. निंबाखाली मी ही मुद्दाम कधी सांगितली नाही, कारण माझ्या बिकिलाची कुणी कीव केलेली मला चालली नसती. बिकिलाच्या गाडीला अपघात झाला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. पुढच्याच वर्षी तो चाकाच्या खुर्चीत बसून तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरला. ज्याच्या पायांनी रोम जिंकलं, तो हातात धनुष्य घेऊन बसला. फुशारून जाऊ नकोस, तू बिकिला नाहीस. तू धनुष्य ओढायला गेलास तर बाण बिरामला लागेल. पण त्याचे दोन्ही गेले होते आणि तुझा एकच जातोय, तोही अर्धा, आणि एवढ्यावर तू डॉक्टरला तीनदा नाही म्हणतोस? लाज नाही वाटत?

लातिर सार, अंपा साम्बू तुला हुकूम करतो: पाय कापून घे. तीन तारखेला, गुरुवारी, तोंड वर करून. हे पत्र मुलाला दाखव, दिबोरला दाखव, त्या चष्मेवाल्या पोराला दाखव. कागदावर सही केली आहे. नात्याच्या रकान्यात मी काहीच लिहिलेलं नाही, तुमचा कारकून समजून आहे.

मी सोमवारच्या बसने निघतो. वाटेत गॅम्बिया नदीवरची फेरीबोट अडली तर पोहत येईन. मी पोचेपर्यंत रडायचं नाही. माझ्यासमोर रड, म्हणजे मला तुला धरता येईल आणि धरून शिव्याही देता येतील.

गुडघ्यापासून डोक्यापर्यंत उरणाऱ्या सगळ्या लातिरचा मालक,
अंपा